पोटकेशीची शेपटी

बाई, तुमची वही माझ्याकडेच आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. गेल्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पंधरा दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी पाळलं, आणि सोळाव्या दिवशी कपाटातून सगळ्यात आधी तुमची वही काढली. शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षर लागतं. तुमच्या डोळ्यांतही मोतीबिंदूच होता, हे मला आता नीट समजतं. तुम्ही त्याला धुकं म्हणायचात. दिव्याभोवती कडं दिसणं, उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडे बघवत नाही असं होणं, हे सगळं मी दोन वर्षं अनुभवलं. मी आता तुमच्याहून वयाने मोठी आहे. जे सांगायचं राहिलं ते लिहून काढावं म्हणून बसले आहे. मला लिहायची सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी ठाण्याच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. घर कल्याणला, वडिलांकडे. तुम्ही तिथे कित्येक वर्षं शास्त्र शिकवत होतात. पहिले काही महिने आपण एकमेकींना नमस्कार करण्यापलीकडे बोललो नाही. मग एकदा मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या वर्गाच्या दाराशी थांबलात. फळ्यावर मी जास्वंद काढली होती. तुम्ही ती बराच वेळ पाहिलीत आणि म्हणालात, "ड्रॉइंगबाई, हे पुंकेसर मोजून काढलेत की अंदाजाने?"

मी म्हटलं, "अंदाजाने."

"मोजून काढता येतील?"

"येतील."

"मग रविवारी घरी या. आणि कडक पेन्सिल आणा, मऊ नको."

तुमच्या दोन खोल्या तळ्यापासून जवळच होत्या. सूक्ष्मदर्शक स्वयंपाकघरात होता, कारण उत्तरेची खिडकी तिथेच. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर ते पितळी यंत्र, त्याच्याखाली आरसा, आणि बाजूच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या. बरण्यांत तळ्यांचं पाणी आणि शेवाळ. प्रत्येकीवर चिठ्ठी: बाळकुम, शहाड, टिटवाळा देवळामागे. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणायच्या, "यंदा शेवाळाचं लोणचं मुरलं का हो?" तुम्ही वर न बघता सांगायचात, "मीठ कमी पडलंय." स्टोव्ह, तांदळाचा डबा, पोळपाट हे सगळं दुसऱ्या भिंतीला. पाण्याला हात लावला की साबणाने हात धुतल्याशिवाय तुम्ही पोळपाटाकडे जात नव्हतात, आणि मलाही जाऊ देत नव्हतात.

त्या पहिल्या रविवारी तुम्ही मला पोटकेशी दाखवलीत. शब्द तुमचाच. इंग्रजी नाव लांबलचक होतं, त्याचा अर्थ पोटाला केस असलेली, म्हणून तुम्ही सुकेशीच्या चालीवर पोटकेशी केलंत. मिठाच्या कणाहूनही लहान. नुसत्या डोळ्यांना ती दिसतच नाही. भिंगाखाली मात्र सगळं दिसतं: पाच पाकळ्यांसारखे उंचवटे असलेलं डोकं, दोन्ही बाजूंना केसांचे झुपके, बारीक मान, कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांची पाठ, आतून घशाची जाड नळी आणि तिच्यामागे सरळ आतडं. पोटाकडच्या केसांवर ती शेवाळावरून घसरत जाते. आणि शेवटी चिमट्यासारखी दुभंगलेली शेपटी. तिच्या दोन्ही टोकांशी चिकट नळ्या असतात, त्यांनी ती काचेला धरून राहते. काचपट्टीवर टिचकी मारली तर बाकीचे जीव वाहून जातात आणि ही तिथेच. तुम्ही टिचकी मारून दाखवलीत. ती आपल्या जागी डुलत राहिली. तुम्ही म्हणालात, "बघा, पदर खोचून उभी आहे."

ती फार जलद पळते, म्हणून तुम्ही थेंबात सब्जाचं बुळबुळीत पाणी मिसळायचात आणि पिंजलेल्या कापसाचे दोन धागे कुंपणासारखे ठेवायचात. ती मारून, औषधात घालून ठेवता येत नाही, आकसते. म्हणून जिवंत असतानाच बघायचं आणि काढायचं. वरची पातळ काच सुकायला लागली की कडेला पाण्याचा थेंब सोडायचा, नाहीतर काच खाली दबते आणि पोटकेशी फुटते. हे मला तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी विसरले असं म्हणता येणार नाही.

पुढची चार वर्षं माझे बरेचसे रविवार तुमच्या स्वयंपाकघरात गेले. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा व्हायची. तुम्ही एकदा सांगितलंत की पोटकेशी सगळ्या माद्याच असतात, नर कुठे सापडत नाही, अंडं घालतात आणि आपल्या वाटेने जातात. संस्कृतच्या बाई म्हणाल्या, "नवरा नाही, सासर नाही. तुमच्यासारखंच की." तुम्ही वह्या तपासत होतात. म्हणालात, "मी अजून अंडं घातलेलं नाही." चहा पिणाऱ्यांना ठसका लागला. मोठ्या बाई आत आल्या तेव्हा सगळ्या एकदम गप्प झालो, तुम्ही तेवढ्या तपासत राहिलात.

रागावलात तुम्ही एकदाच. पहिल्या वर्षीच. मी एका पोटकेशीची पाठ काढली होती, खवल्यांच्या सात रांगा, अगदी सारख्या. मला ते चित्र आवडलं होतं. तुम्ही भिंगातून पाहिलंत, मग चित्राकडे, परत भिंगातून.

"डावीकडच्या तीन रांगा तुला दिसल्या?"

शाळेत तुम्ही मला अहो-जाहो करायचात. तो पहिला एकेरी शब्द होता, म्हणून लक्षात आहे.

"तिकडे शेवाळ आडवं आलंय. पण दोन्हीकडे सारखंच असणार ना, बाई."

"असणार म्हणजे? तू काय रांगोळी काढते आहेस? इकडे एक ठिपका, म्हणून तिकडे एक?"

मी खोडरबर उचलला तर तुम्ही तोही काढून घेतलात. खोडायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि जे दिसलं नाही तिथे कोरी जागा सोडायची. "कोरी जागासुद्धा माहितीच असते," असं तुम्ही म्हणालात, आणि मग भात लावलात. जेवताना पुन्हा तो विषय काढला नाहीत. मला वाढताना लिंबाची फोड जास्त वाढलीत.

पण बाई, मी चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेली. आमच्याकडे अर्धवट चित्राला मार्क नसतात. फुलदाणीची एक बाजू नीट काढायची आणि मधल्या रेघेवरून दुसरी बाजू उतरवायची, हे माझ्या हातात दहा वर्षं मुरलेलं होतं. कोरी जागा सोडताना मला भर बाजारात पदर पडल्यासारखं व्हायचं. तरी मी सोडायला शिकले. तुमच्या वहीत पाहिलं तर दुसऱ्या वर्षापासून ठिकठिकाणी कोरी जागा आहे आणि बाजूला तुमच्या अक्षरात, "दिसले नाही."

त्याच सुमारास तुमचं धुकं वाढत गेलं. आधी तुम्ही आरसा सारखा हलवून बघायचात, मग काच पुसायचात, मग काही न बोलता उठून मला बसवायला लागलात. शास्त्राच्या तासाला फळ्यावरचं दिसत नसल्याचं मुलींना कळू नये म्हणून तुम्ही फळा पाठ करून यायचात, हे मला पुढे कळलं.

तो रविवार भाद्रपदातला. आदल्या दिवशी आपण दोघी बाळकुमच्या तळ्यावर गेलो होतो. शिंगाड्याच्या वेलींखालून तुम्ही बरणी भरलीत. काठावर कपडे धूत बसलेली गावातली बाई दर वेळी हसायची, त्या दिवशी तिने विचारलं, "काय गो मास्तरीन बाय, या पान्यान काय गावतं तुला?"

तुम्ही म्हणालात, "गावलं की सांगते."

मी पोचले तेव्हा तुम्ही भिंगाला डोळा लावून बसला होतात. मला हातानेच थांब म्हणालात. मग हळूच म्हणालात, "ही उडी मारते गं." मी वाट पाहते आहे, तुम्ही पाहता आहात, स्टोव्हवर काही नाही, घरात आवाज नाही. थोड्या वेळाने तुम्ही काचपट्टीवर टिचकी मारलीत आणि म्हणालात, "गेली. धरून नाही राहिली. हिला शेपटीच नाही." तुम्ही ती पुन्हा शोधलीत, कापसाच्या धाग्यांत अडकवलीत, आणि वहीत लिहिलंत: शेपटी नाही. मग खुर्चीतून उठलात. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते उजेडाचं होतं.

तुम्ही मला समजावून सांगितलंत. ओळख शेपटीपासून सुरू होते. शेपटी दुभंगलेली असली की नेहमीच्या जातीची, मग पाठीचे काटे कितीही लांब असोत. शेपटी नाही, लांब काटे आहेत, पाण्यात मोकळी पोहते, उडी मारते, तर ती वेगळ्याच कुळातली, आणि ती फार थोड्यांनी पाहिलेली. तुम्ही इंग्रजी पुस्तकातलं पान उघडून दाखवलंत. त्यात तिचं चित्र अंगठ्याच्या नखाएवढं होतं. आपल्या बाजूला कोणी पाहिल्याचं तुमच्या वाचनात नव्हतं. "आधी शेपूट बघ," तुम्ही म्हणालात. "बाकी राहिलं तरी चालेल. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही." आणि माझ्यासमोर राहिलात तर मी घाबरेन म्हणून चहा करायला वळलात.

मी डोक्यापासून सुरुवात केली. मुद्दाम नाही. चित्र वरून खाली काढायचं असतं, हात तिकडेच गेला. डोकं काढलं, केसांचे झुपके काढले. मग काटे. एवढे लांब काटे मी पाहिले नव्हते, दोन्ही कुशींतून निघून पाठीवर एकमेकांना ओलांडत होते, कुठला कुठून निघतो ते पाहायला मला फार वेळ लागला. काच सुकायला लागल्याचं मला दिसलं. कडेने हवेची रेघ आत येत होती. पण थेंब सोडला की ती हलणार आणि काटे पुन्हा मोजावे लागणार. सुकत्या काचेखाली ती छान स्थिर झाली होती. मी म्हटलं, एवढे शेवटचे दोन काढते. ते काढले, आणि खाली बघायला गेले तर ती फुटली होती. खालच्या भागात नुसते दाणे पसरलेले.

माझ्या कागदावर डोकं होतं, मान होती, सगळे काटे होते, आणि खाली कोरी जागा. तुम्ही कप ठेवत होतात त्याचा आवाज झाला. मी पेन्सिल टेकवली आणि शेपटी काढली. दोन रेघा इकडे, दोन तिकडे. शंभर वेळा काढलेली होती, बघावंही लागलं नाही.

तुम्ही चित्र खिडकीशी नेलंत, अगदी नाकाजवळ धरलंत.

"शेपूट दिसलं तुला?"

"हो."

"दोन्ही टोकं?"

"हो बाई."

तुम्ही भिंगातून पाहिलंत. "फुटली," म्हणालात. थोड्या वेळाने म्हणालात, "असू दे. तुझे डोळे चांगले आहेत म्हणून." आणि मला चहा दिलात. मी तो प्यायले.

कलकत्त्याला एक गृहस्थ होते, पाण्यातल्या बारीक जीवांचे जाणकार, त्यांना तुम्ही चित्राची नक्कल पाठवलीत. पत्रात तुमचं निरीक्षण लिहिलंत, माझ्या चित्राबद्दलही लिहिलंत. उडी मारल्याचं लिहिलंत, टिचकीला धरून न राहिल्याचंही लिहिलंत. दिवाळीच्या सुट्टीनंतर उत्तर आलं, टाइप केलेलं, अर्ध्या पानाचं. चित्राची त्यांनी स्तुती केली होती. चित्रात शेपटी स्पष्ट असल्यामुळे हा जीव नेहमीच्या जातीचा मानावा लागेल, आणि उडीबद्दल म्हणाल तर थेंबातल्या प्रवाहाने पुष्कळदा तसा भास होतो, असं होतं. तुम्ही ते शिक्षकांच्या खोलीत मला वाचायला दिलंत. मी वाचून परत दिलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या चित्राचं कौतुक केलंय हो त्यांनी." शाळेत होतो, म्हणून तुमच्या.

त्यानंतर बरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मी रविवारी यायची, आपण जेवायचो, तुम्ही सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढत नव्हतात. एकदा मी विचारलं तर म्हणालात, "नसलेलं दिसायला लागलं की थांबावं." मार्चमध्ये शाळा सोडलीत आणि डोंबिवलीला भावाकडे राहायला गेलात. यंत्र शाळेला दिलंत. निरोपाच्या भाषणात मोठ्या बाई बोलत होत्या तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात असं मला वाटलं, पण तेव्हा तुम्हाला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

पुढच्या भाद्रपदात मी एकटी बाळकुमला गेले. शिंगाड्याच्या वेलींखालून बरणी भरली. ती कपडे धुणारी बाई म्हणाली, "म्हातारी बाय कुठं गेली गो?" मी सांगितलं, डोंबिवलीला. ती म्हणाली, "काय गावलं तं सांगनार होती."

शाळा सुटल्यावर तुमच्याच यंत्राखाली मी सहा दिवस थेंब बघितले. सहाव्या दिवशी ती दिसली. मी या वेळी खालून सुरुवात केली. शेपटी नव्हती. शरीर मागे गोल होऊन संपत होतं, आणि तिथे बारीक राठ केस. टिचकी मारली, तर वाहून गेली. मग उडी मारली, डावीकडे. मी तासभर थेंब सोडत राहिले, तिला जिवंत ठेवलं, आणि पूर्ण चित्र काढलं. एवढं करूनही मागच्या गोलाईशी पेन्सिल आली तेव्हा हात आपोआप दुभंगलेली शेपटी काढायला गेला, तो मला धरावा लागला.

ते चित्र पिशवीत घालून मी डोंबिवलीला आले. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून वाल सोलत होतात, बोटांनीच, बघायची गरज नव्हती. वहिनींनी मला पाणी दिलं आणि त्या बाहेर गेल्या. मीही सोलायला बसले. मी म्हटलं, "बाई, ती शेपटीवाली..." तुम्ही मला पुढे बोलूच दिलं नाहीत.

"अगं, त्याचाच विचार करत होते परवा," तुम्ही म्हणालात. "बरं झालं तू होतीस. नाहीतर मी त्या गृहस्थांना छातीठोकपणे कळवून बसले असते. जन्मभर मुलींना सांगितलं, न पाहिलेलं लिहू नका. आणि शेवटी मीच लिहिलं असतं."

तुमचा आवाज मोकळा होता. मला आधी वाटलं होतं, तुम्हाला वाईट वाटत असेल. तुम्हाला बरं वाटत होतं. मी सालं गोळा केली.

"तळ्यावर जातेस का कधी?"

"नाही बाई. वेळ होत नाही."

"होईल तेव्हा जा. मन लावून बघतेस तू." मग तुम्ही उठलात, भिंत चाचपत ट्रंकेपाशी गेलात आणि ही वही मला दिलीत. म्हणालात, मला आता वाचता येत नाही, आणि इथल्या कोणाला कळणार नाही. पोटकेशी हा शब्द तेवढा चालू ठेव. मी नमस्कार केला. पिशवीतलं चित्र पिशवीतच राहिलं.

वही मी कल्याणला घरी येऊन उघडली. त्या रविवारच्या पानावर तुमच्या अक्षरात "शेपटी नाही" असं आहे, त्यावर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. आणि त्याखाली: "ड्रॉइंगबाईंनी पाहिली. त्यांची नजर खात्रीची."

पुन्हा येईन, सांगेन, असं मी ठरवलं होतं. संक्रांतीला जायचं ठरवलं होतं. पौषात तुम्ही गेल्याचं शाळेत कळलं, तेव्हा तिसरा तास चालू होता, मुली फुलदाणी काढत होत्या.

त्यानंतर माझं लग्न झालं, तरी निवृत्त होईपर्यंत मी तिथेच शिकवलं. दुसरं चित्र मी कोणाला पाठवलं नाही. पाठवायचं तर पहिल्याचं सांगावं लागलं असतं. बाळकुमला आता तळ्याच्या जागी उंच इमारती आहेत. मी स्वतः आता डोंबिवलीतच राहते, तुमच्या भावाच्या घरापासून फार लांब नाही, तेही घर पाडलं. पोटकेशी हा शब्द मी चालू ठेवला. नातीला माहीत आहे. तिला वाटतं, तो माझाच.

बाई, मी शेपटी पाहिली नव्हती. तुम्ही बरोबर पाहिलं होतंत, धुक्यातूनसुद्धा. उडीही खरी होती.

आज सकाळी खिडकीशी बसून वहीतल्या माझ्या चित्रातल्या शेपटीवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला "दिसले नाही" लिहिलं. दुसरं चित्र त्याच पानाला टाचलं. हा कागदही तिथेच ठेवणार आहे. तुमच्या त्या खालच्या ओळीवरही रेघ मारायला हवी. दोनदा पेन उचललं. ती अजून मारलेली नाही.